रविवारी उत्तर देणाऱ्या वसुधाताई

वसुधाताई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या, तेव्हा एक शब्दही न बोलता त्यांनी मला तीनदा भाव उतरवायला लावला.

हैदराबादच्या सुलतान बाजारात माझं पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. परभणीकडून आलो तेव्हा फुटपाथवर चादर अंथरून ब्लाऊजपीस विकत होतो. आज शटर माझं आहे आणि ते कुणाच्या मेहरबानीने आलेलं नाही. गिऱ्हाईक भाव ऐकून हसतं, चिडतं, रुसून पायरी उतरतं, यातल्या प्रत्येकावर माझ्याकडे इलाज आहे. या बाई मात्र कापडावर तळहात ठेवून नुसत्या बसल्या. आखूड कापलेले पांढरे केस, दोरी लावलेला चष्मा, खांद्यावर जाड कापडाची पिशवी. मी भाव सांगितला. त्या गप्प. "बरं, तुमच्यासाठी थोडं कमी." गप्प. "बाई, अस्सल माल आहे, आणखी किती ओढणार?" असं म्हणत मीच आणखी उतरलो. तिसऱ्यांदा उतरलो तेव्हा माझा आवाज चढला होता आणि शेजारचा दुकानदार मान बाहेर काढून मजा बघत होता.

मग बाई म्हणाल्या, "पहिला भाव ठीक होता की. मी रंगाचा विचार करत होते. यात हिरवा जास्त आहे. मला राखाडीकडे झुकलेला हवा."

"राखाडीकडे म्हणजे कुठे?"

त्यांनी फोन काढून एक चित्र दाखवलं. सुकलेला समुद्र, मंद सूर्य आणि चिखलाच्या पापुद्र्यावर उभे चार मोठे दगड. दगडांच्या पाठीवर शेवाळ.

"हे चालतात," त्या म्हणाल्या.

"कोण? दगड?"

"हं. तुम्ही बघत राहिलात तर."

तो रंग मी अफझलगंजच्या ठोकवाल्यांकडे हिंडून शोधला. का शोधला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. एका बाईने माझ्याच गल्ल्यासमोर मला हरवलं होतं, आणि ती हार तशीच सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. पडदे लावायला मी स्वतः त्यांच्या विद्यानगरच्या घरी गेलो. तिथे चहा घेताना ती चित्रं पहिल्यापासून पाहिली आणि फसलो.

ते एक कॉमिक होतं, इंटरनेटवर येणारं. काढणारा कोण, कुठल्या देशातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. दर रविवारी सकाळी एक चौकट यायची, फक्त एक. त्यात माणूस नाही, घर नाही, संवाद नाही. वसुधाताईंचं बालपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलेलं, म्हणून त्यांनी त्या दगडांना तिकडच्या समुद्रकाठच्या खडकांचं नाव दिलं होतं, खडपे. हे खडपे दूरवरून येणाऱ्या कसल्याशा आवाजाच्या दिशेने निघाले होते. आठवड्याला एक चौकट, त्यामुळे एक पाऊल पडायला पावसाळा जायचा. त्यांच्या पाठीवरच्या शेवाळाचा रंग बदलायचा, आणि ते एकमेकांशी बोलतात की ती नुसती ओल असते, यावर जगभरचे चाहते तावातावाने भांडायचे.

हैदराबादेतल्या अशा वेड्यांचा एक ग्रुप वसुधाताईंनी फोनवर जमवला होता. त्यात माधवी होती, पुण्याहून कंप्युटरच्या नोकरीसाठी आलेली मुलगी. ती मराठी बोलायची झकास, पण लिहायची इंग्रजी अक्षरांत. फरीद होता, बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढणारा. आणखी काही नावं होती, ज्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. त्यात मी. मला सगळे 'सेठ' म्हणायचे, माधवी 'काका'. वसुधाताई तेवढ्या 'वाघमारे' म्हणायच्या. त्यांच्या तोंडून माझं आडनाव सरळ यायचं, मागेपुढे काही न चिकटता. आयुष्यभर आडनाव सांगितल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

या ग्रुपला एक नियम होता आणि तो वसुधाताईंचा होता. रविवारी चौकट आली की जे दिसलं ते प्रत्येकाने लिहायचं. पण दुसऱ्याच्या लिहिण्यावर उत्तर द्यायचं असेल, तर ते पुढच्या रविवारी. मधले दिवस ग्रुप मुका. कुणी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारायचं नाही. विचारणं म्हणजे घाई, आणि घाई म्हणजे असभ्यपणा.

मी पहिल्याच आठवड्यात नियम मोडला. माधवीने लिहिलं की शेवाळ म्हणजे फक्त ओल. मी जागच्या जागी चार ओळी ठोकून दिल्या. वसुधाताईंचं उत्तर अर्थातच पुढच्या रविवारी आलं: "वाघमारे, लगेच लिहिता ते तुमचा राग लिहितो. आठवड्याने लिहाल ते तुम्ही लिहाल. मला तुमच्याशी बोलायचं आहे, रागाशी नाही."

त्या ओळीवर मला अख्खा आठवडा उत्तर देता येईना. आणि रविवार आला तोवर द्यावंसं वाटेना.

त्यांची नोकरी बियाण्यांच्या कंपनीत झालेली. ओल्या कागदावर बी मांडायचं, पेटीत ठेवायचं आणि किती उगवलं ते ठरल्या दिवशी पाहायचं, हे काम. लग्न केलेलं नव्हतं. "आमच्याकडे मधेच पेटी उघडून बघणाऱ्याला दुसऱ्या खात्यात पाठवायचे," त्या सांगायच्या. "तुम्हाला तर गेटवरूनच परत पाठवलं असतं." कुणी पुढच्या चौकटीत काय होईल याचा तर्क लढवायला लागलं, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी चौकट पाहा." भाजीवाल्याशी बोलतानाही त्या हेच म्हणायच्या. त्या बिचाऱ्याला वाटायचं, बाई हातगाडीच्या चौकटीबद्दल बोलतायत.

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जमायचो. तिथे तोंडी बोलायला बंदी नव्हती, म्हणून मी ते रविवार चुकवत नसे. घरी माझ्याशी बोलणारं कोणी नाही. बायको गेली. मुलगी बंगळुरात आहे. तिचा फोन आला की पाच मिनिटांत माझा आवाज चढतो, मग पुष्कळ दिवस तिचा फोन येत नाही.

त्या काळात ग्रुपमध्ये एकच वाद चालू होता. चौघांपैकी एका खडप्याचा पाय चिखलाच्या पापुद्र्यात रुतला होता. बाकीचे तिघे पुढे गेले होते. चौकटीमागून चौकटी गेल्या, तो मागे लहान लहान होत चालला. त्याला आम्ही 'मागचा' म्हणायचो. तिघांना कळलंय का, की तो मागे राहिला? आणि कळलं असेल तर त्यांच्यातला कोणी वळणार आहे का?

"सेठ, वो पलट रा," फरीद फोन नाकाशी धरून म्हणाला. "तीसरेवाले का खांदा देखो. पैले सीधा था."

"काही पलटत नाहीये," माधवी म्हणाली. "सूर्य खाली गेलाय, सावली आहे ती."

"सावली का मैं नक्शा निकालता हूँ रोज, मेरे को नक्को सिखा."

मी म्हणालो, "खांदा बिंदा सोडा. आपला एक जण मागे रुतलाय आणि हे तिघे ढिम्म. हाक मारायला काय जातं यांचं?"

"काका, ती माणसं नाहीत."

"मग तर लाजच नाही म्हणायची."

सगळे हसले. वसुधाताई हसल्या नाहीत. बशीतला चिवडा बोटाने एका बाजूला सारत त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "तिसरा वळतोय. पाय रुतला त्याच चौकटीपासून वळतोय. त्याला वेळ लागतो, एवढंच."

"तोवर मागचा बुडाला तर?"

"त्याला माहीत आहे ना, की हा वळतोय."

"कसं माहीत असणार? तिसऱ्याने सांगितलंय त्याला?"

त्या बशा गोळा करायला उठल्या. मला वाटलं, उत्तर रविवारी येईल.

पुढच्या रविवारी वसुधाताईंनी काहीच लिहिलं नाही. आम्हा कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. एरवीही त्या एखादी चौकट नुसती पाहून सोडून द्यायच्या. त्याच्या पुढच्या रविवारीही त्यांचं काही आलं नाही. मला राहवेना. मी ग्रुपवर लिहिलं, "ताई कुठे आहेत? मी घरी जाऊन येतो." माधवीने नियम मोडून लगेच उत्तर दिलं, ते नियम पाळण्याबद्दल: "Kaka please. Tyanna nahi avadnar. Tya lihitil." फरीदने अंगठा दाखवला. न पाहिलेल्या चेहऱ्यांपैकी एकाने लिहिलं की असं मौन हीच या कॉमिकची खरी भाषा आहे. मला हे पटलं नाही. पण नियम त्यांचा होता, आणि त्यांच्या डोळ्यांत मी पुन्हा मधेच पेटी उघडणारा ठरणार होतो. मी थांबलो. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून थांबलो.

आणखी एक रविवार तसाच गेला. सोमवारी शटर अर्धं ओढून, कुणाला न विचारता मी विद्यानगर गाठलं.

रस्त्यावरूनच माझे पडदे दिसले. भर दुपारी ओढलेले. दाराला कुलूप होतं. खालच्या वॉचमनची बायको लक्ष्मम्मा वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने मला ओळखलं.

"वो अम्मा? उनको पूना लेके गए, भैया. भांजी आई थी."

"कब? क्या हुआ?"

"बाथरूम में गिर गए थे. सीधा हाथ गया, बात भी गई. दवाखाने से लाए तो मैं ही बैठती थी पास में." तिने कपडे खांद्यावर टाकले. "अम्मा उल्टे हाथ में फोन पकड़ के बैठते थे. दिन भर. मैं पूछी, किसको लगाऊँ? तो गर्दन हिलाते, नै बोल के. बजता क्या, देखते थे. कोई किया नै."

मी पायरीवर बसलो. लक्ष्मम्माने पाणी आणून दिलं. मला ओरडायचं होतं आणि ओरडायला समोर कोणी नव्हतं. पेटी उघडू नका, विचारू नका, वाट पाहा, हे सगळं शिकवणारी बाई स्वतः फोन हातात धरून बसली होती, कुणीतरी नियम मोडेल म्हणून. मग आम्हाला कशाला शिकवलंत? मी असभ्य होतो, उतावळा होतो, तेव्हा पहिल्याच रविवारी दारात येऊन उभा राहिलो असतो. माझ्यातला तो माणूस तुम्हीच घासून घासून गुळगुळीत केलात. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. आजही धरून आहे.

लक्ष्मम्माकडून भाचीचा नंबर घेतला आणि तिथूनच लावला. भाची म्हणाली, मावशी थोडं थोडं बोलते, पण फार वेळ लागतो, फोनवर जमेल असं वाटत नाही. मी म्हटलं, लावा कानाला.

"ताई, मी वाघमारे."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी काही बोललो नाही. रस्त्यावरून शाळेची रिक्षा गेली, लक्ष्मम्मा दोनदा वर-खाली करून आली. त्या दिवशी दुकानात माझ्याकडून भाव उतरवून घेतला होता, तीच शांतता होती ती. या वेळी मी उतरलो नाही.

मग एक शब्द आला. "चौकट?"

त्यांना चित्रं धड दिसत नव्हती. उजव्या बाजूचं सगळं पुसल्यासारखं व्हायचं, असं भाचीने नंतर सांगितलं. म्हणून दर रविवारी सकाळी, दुकान उघडण्याआधी, मी फोन लावून चौकट तोंडी सांगू लागलो. आयुष्यभर कापडाचं वर्णन करून विकलं आहे. रंग, पोत, कापड कसं पडतं ते सांगण्यात माझा कोणी हात धरणार नाही. सूर्य किती खाली आहे, चिखलाला नवी भेग कुठे गेली आहे, कुणाचं शेवाळ काळपट झालंय, सगळं सांगायचो. त्या ऐकायच्या. शेवटी एखादा शब्द. "खांदा?" बहुतेक वेळा हाच.

एका रविवारी भाचीने फोन देताना हळूच सांगितलं, की तब्येत उतरत चालली आहे. मी चौकट पाहिली. तिसरा खडपा होता तसाच होता. निदान मला तसाच दिसला. त्या म्हणाल्या, "खांदा?" आणि मी सांगून टाकलं, "वळला ताई. पूर्ण वळला. मागच्याकडे तोंड करून उभा आहे."

मला वाटलं, ऐकून बरं वाटलं असेल. मग एकेक अक्षर जुळवत त्या म्हणाल्या, "खोटं." जरा वेळाने, "इतक्यात नाही." आणि मग एक आवाज आला. भाची म्हणाली, मावशी हसतेय, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. बाजारात माझं खोटं पकडायला मोठमोठ्यांना दिवस लागतात. या बाईने अर्ध्या वाचेने, न पाहता पकडलं.

नंतरच्या काही रविवारांत मी खांदा जसा होता तसाच सांगितला. मग एका रविवारी फोन भाचीनेच उचलला आणि ती बोलण्याआधीच मला कळलं.

मी ग्रुपवर एक ओळ लिहिली. दिवसभर एकही उत्तर आलं नाही. उत्तरं पुढच्या रविवारी आली, नियमाप्रमाणे. फार सुंदर लिहिलं होतं सगळ्यांनी. वसुधाताई आम्हाला वाट पाहायला शिकवून गेल्या, असं कुणीतरी लिहिलं होतं. मी लगेच लिहिलं. काय लिहिलं ते इथे देत नाही, शेवटचं वाक्य होतं, "बाई फोन हातात धरून बसली होती." त्यानंतर कुणी कॉमिकवर बोलेना. माधवीने मात्र पहिल्यापासूनच्या सगळ्या चौकटी एकावर एक ठेवून फोनवर पळवल्या आणि ते पाठवलं. खडपे भराभर चालताना दिसले. पाय रुतला त्याच चौकटीपासून तिसऱ्याचा खांदा वळत होता. वसुधाताई बरोबर होत्या. सोबत माधवीने काही लिहिलं नव्हतं.

बरोबर होत्या, मान्य. पण त्या वळणाऱ्याचा मागच्याला काय उपयोग झाला, या माझ्या प्रश्नाचं उत्तर कॉमिकने अजून दिलेलं नाही. मागचा आता कंबरेपर्यंत बुडाला आहे.

हल्ली मी दर रविवारी चौकट पाहिली की ग्रुपमधल्या एकेकाला फोन लावतो. "आहेस का? बरा आहेस? ठेवतो." एवढंच. सुरुवातीला ते वैतागायचे. "सेठ, मैं सो रा था ना," फरीद म्हणायचा. माधवी फोन कापून 'busy' असं पाठवायची. मी पुन्हा लावायचो. पेटी उघडून बघणारा माणूस म्हणून मी आता बदनाम आहे, आणि मला त्याची फिकीर नाही. उलट फोन मात्र मला कोणी करत नसे. मुलीचाही नाही. दुकान बंद करून घरी आलो की मोरीतला नळ टपकताना ऐकू येतो, इतकं घर शांत असतं.

मधे मला ताप भरला. शटर दोन दिवस उघडलं नाही, आणि रविवारी अंगात उठायचं त्राण नव्हतं. चौकट पाहिली नाही, कुणाला फोन लावला नाही. दुपार कलली. उशाशी फोन होता. तो हातात धरून मी पडलो होतो. असा का धरला आहे हे लक्षात आलं, तेव्हा बाजूला ठेवला.

तेवढ्यात वाजला. एकच रिंग. हात पोचेपर्यंत बंद झाला. फरीदचा नंबर होता. मी पाहत राहिलो, पुन्हा वाजला नाही. नियमाने वाढलेला माणूस, एक रिंग देऊन दचकला असणार.

मी उठून बसलो, उशी पाठीशी लावली आणि त्याला फोन लावला. त्याने 'सलाम सेठ' म्हणायच्या आत, अंगात होता नव्हता तो सगळा जोर लावून मी ओरडलो, "एक रिंग में क्या समजता रे? पूरा बजा ना!"